विश्लेषण : ‘अंश आढळला नाही’ म्हणजे नेमके काय? केसाएवढ्या नळीत रसायने वेगळी कशी होतात?

निर्यातीच्या केळीचा किंवा द्राक्षाचा प्रयोगशाळा अहवाल हाती आला, की शेतकऱ्याची नजर एकाच रकान्यावर जाते. तिथे ‘आढळला नाही’ असे लिहिलेले असले की जीव भांड्यात पडतो. पण हा शेरा फक्त शोधलेल्या रसायनांपुरताच खरा असतो. जे शोधलेच नाही, त्याबद्दल अहवाल गप्प असतो. या गप्प बसण्याची किंमत महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनी २०१० मध्ये मोजली. त्या वेळी ज्या रसायनाने घोळ केला, ते खान्देशातील कापूस उत्पादकांच्या रोजच्या ओळखीचे आहे. असे रसायन फळाच्या रसातून शोधणे अवघड का असते आणि त्यासाठी कोणते तंत्र वापरले जाते, याचा हा वेध.

२०१० मध्ये काय घडले?

त्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडले. शेतकरी त्याला ‘सीसीसी’ म्हणतात, किंवा ‘लिहोसिन’ या व्यापारी नावाने ओळखतात. हे कीडनाशक नाही, वाढ रोखणारे संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची शेंडावाढ थांबावी आणि घडनिर्मितीला चालना मिळावी म्हणून ते फवारले जात असे. फवारणी आणि काढणी यांत कित्येक महिने जात असल्याने अंश फळापर्यंत टिकेल, असे बहुतेकांना वाटले नव्हते.

युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. ती ओलांडलेला माल नाकारला गेला, भाव कोसळले आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत त्या वेळी क्लोरमेक्वाट नव्हते. त्यामुळे तपासणी होऊन, दाखला मिळूनही माल अडकला. पुढे या रसायनाचा यादीत समावेश झाला. द्राक्षांच्या या तपासणीसाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा ही राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहते.

यात खान्देशचा संबंध कुठे येतो?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कपाशी हे मोठे पीक आहे. कपाशी नुसतीच उंच माजू नये, बोंडे धरावीत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारले जाते. मेपिक्वाट क्लोराइड हे त्याच कुळातले दुसरे संजीवकही वापरात आहे. दुसरीकडे रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

एकाच शिवारात, अनेकदा एकाच शेतकऱ्याकडे, कपाशी आणि फळपीक दोन्ही असतात. फवारणी पंपही तोच असतो. म्हणून हा हिशेब समजून घ्यायला हवा. ५० टक्के तीव्रतेच्या १० मिलिलिटर औषधात साधारण ५ ग्रॅम क्लोरमेक्वाट असते. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली, तर ५ ग्रॅम म्हणजे १०० टन फळांना मर्यादेच्या रेषेवर नेऊन ठेवणारे प्रमाण झाले. प्रत्यक्षात फवारलेले सगळे फळात जात नाही, हे खरे. पण न धुतलेल्या पंपाच्या तळाशी राहिलेले पाणी ‘एवढ्याने काय होते’ म्हणण्याइतके किरकोळ नसते, हे या आकड्यावरून कळते.

इतका कमी अंश म्हणजे किती कमी?

किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. युरोपात ज्या रसायनासाठी त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, तिथे सरसकट ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागू होते. म्हणजे दहा कोटींत एक. २० टन केळीच्या कंटेनरमध्ये मिळून ०.२ ग्रॅम, इतकेच.

मर्यादा ओलांडली म्हणजे फळ विषारी झाले, असा अर्थ नसतो. शिफारशीप्रमाणे फवारणी केल्यास जास्तीत जास्त किती अंश राहू शकतो, या हिशेबावर आणि आरोग्याच्या सुरक्षिततेवर ही मर्यादा बेतलेली असते. मात्र बंदरावरचा अधिकारी आकडा पाहतो, आणि आकडा वर गेला की माल परत फिरतो.

थेट मोजता का येत नाही?

कारण फळाचा रस हे हजारो पदार्थांचे मिश्रण असते. साखर, आम्ले, क्षार, रंगद्रव्ये, प्रथिने आणि त्यात कुठेतरी दडलेला हा अंश. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंचे वजन करते, तेही अत्यंत बारकाईने. पण वजनकाट्यालाही मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा : सारख्या वजनाचे रेणू. पिकलेल्या केळ्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन्ही साखरा असतात. दोन्हींचा रेणुभार १८०. अणूही तेच, फक्त मांडणी वेगळी. नुसत्या वजनावरून त्या दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत.

दुसरी मर्यादा : गर्दी. यंत्रात शिरताना रेणूंवर विद्युतभार असावा लागतो. एकाच वेळी साखर आणि क्षार मोठ्या संख्येने दारात उभे राहिले, तर त्या गर्दीत अंशाचा आवाज दबतो. केळीत पोटॅशियम भरपूर असल्याने ही अडचण चांगलीच जाणवते. अंश असतो, पण आकडा कमी दिसतो.

म्हणून आधी वेगळे करायचे, मग वजन करायचे. वेगळे करण्याच्या तंत्राला क्रोमॅटोग्राफी म्हणतात.

क्रोमॅटोग्राफी म्हणजे काय?

टीपकागदावर काळ्या शाईचा ठिपका ठेवून कागदाचे टोक पाण्यात बुडवले, की पाणी वर चढताना शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. हा शाळेतला प्रयोग म्हणजे क्रोमॅटोग्राफीच. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूची भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे दिसले. क्रोमॅटोग्राफी हे नाव ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. गंमत म्हणजे रशियन भाषेत ‘त्स्वेत’चाही अर्थ रंगच.

तत्त्व आठवडे बाजारासारखे आहे. बाजाराच्या एका टोकाकडून सगळे एकदम निघाले, तरी दुसऱ्या टोकाला एकदम पोहोचत नाहीत. प्रत्येक दुकानापाशी रेंगाळणारा मागे पडतो, कशातच रस नसलेला पुढे जातो. नळीत भरलेले कण ही दुकाने, वाहणारा द्रव हा रस्ता आणि रसायने ही माणसे. जे रसायन कणांना जास्त चिकटते, ते उशिरा बाहेर येते.

मग क्लोरमेक्वाट निसटते कसे?

आज अंश तपासणीच्या बहुतेक प्रयोगशाळांत द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी वापरतात. एकाच चाचणीत शेकडो कीडनाशके शोधता येतात. तिच्या नळीतील कणांवर सहसा १८ कार्बन अणूंच्या तेलकट साखळ्या चिकटवलेल्या असतात. बहुतेक कीडनाशके तेलात विरघळणारी असल्याने ती या साखळ्यांना धरतात आणि एकमेकांपासून छान वेगळी होतात.

क्लोरमेक्वाटचा स्वभाव उलटा आहे. त्याच्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो. ते पाण्यात सहज विरघळते आणि तेलकट पृष्ठभागाला जवळपास शिवतही नाही. त्यामुळे साखर आणि क्षार यांच्याबरोबर, सगळ्यांत आधी, गर्दीतूनच ते बाहेर पडते. मेपिक्वाट, पॅराक्वाट यांचेही तसेच. ग्लायफोसेट या तणनाशकावर ऋण भार असतो, पण पाण्याशी सलगी तीच. म्हणून अशा रसायनांसाठी नमुन्याची वेगळी तयारी आणि वेगळ्या पृष्ठभागाची नळी लागते. शेकडो कीडनाशकांची एकत्रित चाचणी केली म्हणजे ही रसायनेही तपासली गेली, असे गृहीत धरता येत नाही.

यात विजेची मदत कशी होते?

रेणूवर विद्युतभार ही नेहमीच्या पद्धतीत अडचण ठरते. पण नळीच्या दोन टोकांना वीज जोडली तर तोच भार उपयोगी पडतो. धन भाराचा रेणू ऋण टोकाकडे ओढला जातो, ऋण भाराचा विरुद्ध दिशेला. ही ओढ आणि क्रोमॅटोग्राफीतील चिकटणे, दोन्ही एकाच नळीत आणले की होते कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी.

यातली नळी सिलिकाची, म्हणजे अतिशुद्ध काचेची असते. आतला व्यास साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. आत काही मायक्रोमीटर आकाराचे कण भरलेले असतात, किंवा नळीतच स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ तयार केलेला असतो. दोन टोकांना ३० हजार व्होल्टपर्यंत दाब देतात. घरातली वीज २३० व्होल्टची असते, यावरून अंदाज यावा. मात्र नळी इतकी बारीक असते की प्रवाह अगदी थोडा वाहतो, त्यामुळे ती फारशी तापत नाही.

पंपाशिवाय द्रव पुढे कसा सरकतो?

हा या तंत्राचा गाभा आहे. द्रव लागला की सिलिकाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. त्यालगत द्रवातील धन आयनांचा पातळ थर जमतो. वीज सुरू केली की हा थर ऋण टोकाकडे सरकतो आणि सोबत सगळा द्रव ओढून नेतो. विजेने पाणी असे सरकते, हे फर्डिनांड रॉइस यांनी मॉस्कोत चिकणमातीवर प्रयोग करून १८०९ मध्येच दाखवले होते.

याचे दोन फायदे आहेत. पाटाचे पाणी पाहिले तर मधली धार जोरात असते आणि काठाजवळचे पाणी मंद. पंपाने ढकललेल्या द्रवाचेही तसेच होते. त्यामुळे एकाच रसायनाचे काही रेणू पुढे, काही मागे राहतात आणि पट्टा पसरतो. विजेने ओढलेल्या द्रवात जोर काठाकडूनच मिळतो, म्हणून सगळा द्रव जवळपास एका रेषेत पुढे जातो. पट्टा अरुंद राहतो आणि शेजारचे दोन पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत.

दुसरा फायदा ठिबक सिंचन करणाऱ्याला लगेच समजेल. वाळूच्या फिल्टरमधली वाळू जितकी बारीक, तितका पंपाला दाब जास्त लागतो. क्रोमॅटोग्राफीतही कण जितके बारीक, तितके वेगळे करणे चांगले, पण दाब वाढत जातो. विजेच्या ओढीला ही अडचण नसते. फार उच्च दाब न देताही बारीक कण वापरता येतात.

क्लोरमेक्वाटसारखा धन भाराचा रेणू या नळीत द्रवाच्याही पुढे धावतो. ज्यांच्यावर भार नाही, ती साखर द्रवाबरोबर येते. तेलकट रेणू कणांपाशी रेंगाळतात, ऋण भाराचे मागे ओढले जातात. नेहमीच्या नळीत एकाच गर्दीतून बाहेर पडणारे पदार्थ इथे वेगवेगळ्या वेळी येतात. नळीत कण न भरता नुसत्या विजेवर चालणारे भावंड तंत्र म्हणजे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. ते मास स्पेक्ट्रोमीटरला जोडून पॅराक्वाट, मेपिक्वाट, क्लोरमेक्वाट या कुळातील रसायने मोजल्याचे संशोधन प्रसिद्ध झालेले आहे.

मास स्पेक्ट्रोमीटर ओळख कशी पटवतो?

नळीच्या टोकातून बाहेर येणारा द्रव विजेच्या जोराने अतिसूक्ष्म थेंबांत फवारला जातो. थेंब सुकत जातात आणि भारित रेणू मोकळे होतात. या फवाऱ्याचे तंत्र विकसित करणारे जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. फवाऱ्याला फार थोडा द्रव चालतो आणि केसाएवढ्या नळीतून बाहेर येतोही थोडाच. त्यामुळे या दोघांची जोडी जमते.

क्लोरमेक्वाटच्या भारित रेणूचे वजन १२२. पण क्लोरीनचे अणू निसर्गात ३५ आणि ३७ अशा दोन वजनांचे असतात, साधारण तीनास एक या प्रमाणात. त्यामुळे १२२ वर एक उंच खूण दिसते आणि १२४ वर तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी दुसरी. मेपिक्वाट ११४ वर दिसते, त्यात क्लोरीन नसल्याने अशी जोडखूण येत नाही. पुढची खात्री म्हणून यंत्र रेणू फोडते. १२२ चा रेणू फुटून ५८ चा तुकडा मिळाला आणि १२४ चा फुटूनही ५८ च मिळाला, तर क्लोरीन निखळलेल्या भागात होता हे कळते. नळीतून बाहेर येण्याची वेळ, मूळ वजन आणि तुकड्याचे वजन या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच नाव लिहिले जाते.

गर्दीमुळे आकडा कमी दिसू नये, यासाठीही युक्ती आहे. नमुन्यात सुरुवातीलाच क्लोरमेक्वाटचे ‘जड’ जुळे भावंड ठरावीक प्रमाणात मिसळतात. त्यात काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो. त्याचा आवाज जितका दबला, तितकाच खऱ्याचाही दबला असे धरून आकडा दुरुस्त करतात.

मग हे तंत्र सर्वत्र का नाही?

विजेवर द्रव सरकवून क्रोमॅटोग्राफी करता येते, हे दक्षिण आफ्रिकेतील व्हिक्टर प्रिटोरियस आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले. अमेरिकेत जेम्स जॉर्गेनसन आणि क्रिन लुकाक्स यांनी १९८१ मध्ये केशनळीत ते करून दाखवले. मास स्पेक्ट्रोमीटरशी जोडणीचे प्रयत्न १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून झाले. तरीही अंश तपासणीच्या रोजच्या कामात हे तंत्र फारसे आले नाही.

कारणे व्यवहाराची आहेत. नळीतले कण जागेवर ठेवण्यासाठी टोकांना सूक्ष्म जाळी लागते. तिथे बुडबुडा अडकला की वीज तुटते आणि चाचणी थांबते. कणांऐवजी स्पंजासारखा पदार्थ वापरण्यामागे हेही एक कारण आहे. नळीत नमुना काही नॅनोलिटरच मावतो, त्यामुळे फार विरळ अंश पकडणे कठीण जाते. मास स्पेक्ट्रोमीटरला न उडणारे क्षार चालत नाहीत, म्हणून द्रवाची निवडही मर्यादित होते. शिवाय आज आणि महिन्याभराने तोच आकडा आला पाहिजे, या कसोटीवर पंपाची पद्धत अधिक भरवशाची ठरली. अतिउच्च दाबाचे पंप बाजारात आल्यावर बारीक कणांचा फायदा तिथेही मिळू लागला. आज क्लोरमेक्वाटसाठी प्रयोगशाळा पाणी धरून ठेवणाऱ्या वेगळ्या पृष्ठभागाच्या नळ्या वापरतात.

विजेचे तंत्र मात्र संशोधनात टिकून आहे. विशेषतः नमुना अगदी थोडा असतो तेव्हा, किंवा औषधातील आरसा-प्रतिमेसारखे दोन रेणू वेगळे करायचे असतात तेव्हा. वजन अगदी सारखे असलेल्या अशा दोन रेणूंपैकी एक गुणकारी आणि दुसरा निरुपयोगी किंवा अपायकारक असू शकतो. बांभोरीजवळील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायनशास्त्र किंवा शिरपूरला औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय म्हणूनच परका नाही.

अहवाल वाचताना काय पाहावे?

यंत्र कोणतेही असो, शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने काही गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, तपासलेल्या रसायनांची यादी. आपण हंगामात जे जे फवारले, ते प्रत्येक नाव यादीत आहे का? संजीवके, तणनाशके धरून. नसेल तर त्याची वेगळी चाचणी मागावी. त्यासाठी फवारणीची नोंदवही हाताशी हवी, आणि प्रयोगशाळेपासून काहीही लपवू नये.

दुसरी, मोजमापाची किमान पातळी. ‘आढळला नाही’ म्हणजे शून्य नव्हे. यंत्राला खात्रीने मोजता येणाऱ्या पातळीच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ. ती पातळी माल जाणाऱ्या देशाच्या मर्यादेहून कमी किंवा निदान तितकी हवी. ०.०१ ची मर्यादा असताना ०.०५ पर्यंतच मोजणारा अहवाल कामाचा नाही.

तिसरी, प्रयोगशाळेची मान्यता. एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. कोणत्या पदार्थातील कोणत्या चाचणीसाठी ती आहे, हे तिच्या व्याप्तीत लिहिलेले असते.

चौथी, नमुना. रस्त्याकडेच्या चार झाडांची फळे म्हणजे बाग नव्हे. बागेच्या सर्व भागांतून, ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुनाच खरे सांगतो. दहा कोटींत एक भाग शोधणाऱ्या यंत्रालाही चुकीच्या फणीतून बरोबर उत्तर काढता येत नाही.

आणि पाचवी, प्रयोगशाळेत जाण्याआधीची. कपाशीचा पंप फळबागेत नेण्यापूर्वी टाकी, नळी आणि नोझल तीनदा धुवावेत. शक्य असेल तर संजीवकासाठी पंपच वेगळा ठेवावा.